‘डिलिव्हर्ड’ अशी नोंद, पण पार्सल हातात नाही

प्रश्न : मी नेरूळला राहते. एका शॉपिंग अ‍ॅपवरून १६,४०० रुपयांचा मोबाइल मागवला आणि पैसे आगाऊ भरले. मी वाशीच्या ऑफिसात असताना दुपारी ‘डिलिव्हर्ड’ असा मेसेज आला. घरी सासूबाई दिवसभर होत्या, पण कोणीही आले नाही. शेजारी आणि वॉचमनकडेही पार्सल दिलेले नाही. कंपनीने पुरावा म्हणून पाठवलेल्या फोटोत पार्सल लाल फरशीवर, लोखंडी जाळीच्या दारापाशी ठेवलेले दिसते. आमच्या दाराला जाळी नाही आणि मजल्यावरची फरशी पांढरी आहे. तरीही ‘आमच्या नोंदीनुसार माल पोचला आहे’ असे सांगून तक्रार बंद करण्यात आली. मी काय करावे?
— एक वाचिका, नेरूळ

उत्तर : ‘डिलिव्हर्ड’ ही नोंद म्हणजे कंपनीचे स्वतःचे म्हणणे आहे, तो निवाडा नव्हे, ही गोष्ट सर्वप्रथम मनात पक्की ठेवावी. माल दिला असे जो म्हणतो, त्यानेच तो कोणाला, कुठे आणि केव्हा दिला हे दाखवायचे असते. ‘मला मिळाला नाही’ हे ग्राहकाने सिद्ध करावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे, कारण न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कोणीच देऊ शकत नाही. आपल्या बाबतीत तर कंपनीने पाठवलेला फोटोच आपल्या बाजूने बोलतो. आपले दार, त्यावरची नावाची पाटी आणि फरशी एकाच चौकटीत येतील असा फोटो आजच काढा आणि तो कंपनीच्या फोटोशेजारी लावून लेखी तक्रारीला जोडा.

नवी मुंबईत एक जास्तीची अडचण आहे. सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे नेरूळ, वाशी अशा प्रत्येक वसाहतीत, पुन्हा येतात. सेक्टर १० नेरूळलाही आहे, वाशीलाही आहे आणि कोपरखैरण्यातही. त्यामुळे ऑर्डरच्या तपशिलात पत्ता नेमका कसा छापला आहे आणि पिनकोड नेरूळचा ४००७०६ आहे की वाशीचा ४००७०३, हे तपासून पाहावे. पत्ता बरोबर असूनही पार्सल दुसरीकडे गेले असेल, तर चूक पोचवणाऱ्याची आहे. कधी कधी दिवसाचे काम पूर्ण दाखवण्यासाठी आधीच नोंद केली जाते आणि पार्सल दुसऱ्या दिवशी येते. म्हणून एखादा दिवस वाट पाहायला हरकत नाही, मात्र तक्रार त्याच दिवशी नोंदवलेली असावी.

सोसायटीच्या सचिवांना लगेच लेखी पत्र द्या आणि त्या दुपारचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची विनंती करा. हे चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते आणि मग कितीही धावपळ केली तरी ते परत मिळत नाही. गेटवरच्या नोंदवहीच्या त्या दिवसाच्या पानाचाही फोटो घ्या. मेसेजमधल्या वेळेच्या आसपास त्या कुरिअरचा माणूस आत आल्याची नोंदच नसेल, तर आपले म्हणणे फारच बळकट होते.

यानंतर चॅटवर वाद घालत बसू नये. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. त्याच अधिकाऱ्याला ईमेल करा. ‘आम्ही केवळ मध्यस्थ, विक्रेता वेगळा’ असे उत्तर आले, तर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता लेखी मागा. खरेदीनंतर ग्राहकाने अशी मागणी केल्यास तो देणे अ‍ॅपवर बंधनकारक आहे. पोलिसांत तक्रार दिल्याशिवाय परतावा मिळणार नाही, असेही काही ठिकाणी सांगितले जाते. पोलिसांकडे अर्ज देऊन त्याची पोच घेण्यात गैर काही नाही, पण या नियमांत परताव्यासाठी तशी अट नाही, हे ठामपणे लिहावे.

सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपर्यंत पोचवून तडजोड घडवण्याचा प्रयत्न करते. तरी बरीच प्रकरणे तेथेच मिटतात. तेथेही दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असो वा गुरुग्रामला, आपली तक्रार ठाणे जिल्ह्यातच चालेल. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. अ‍ॅप, विक्रेता आणि कुरिअर या तिघांनाही सामनेवाले, म्हणजे तक्रारीतील विरुद्ध पक्ष, करा, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याला वाव राहणार नाही. मोबाइलची किंमत, तिच्यावरील व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, हे सर्व स्वतंत्रपणे मागावे.

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या वडिलांना फोन आला, ‘काका, खाली उभा आहे, ओटीपी सांगा, पार्सल वॉचमनकडे ठेवतो.’ त्यांनी ओटीपी सांगितला. पार्सल वॉचमनकडे आलेच नाही. आता कंपनी म्हणते, ओटीपी दिला म्हणजे माल मिळाला.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली बाजू पहिल्या प्रश्नापेक्षा अवघड आहे, हे स्पष्ट सांगायला हवे, पण ती गेलेली नाही. ओटीपी सांगितला गेला एवढेच त्या नोंदीतून सिद्ध होते. वस्तू हाती पडली हे सिद्ध होत नाही. वडिलांच्या फोनमधील त्या कॉलची नोंद जपा, वॉचमनकडून पार्सल न मिळाल्याचे सही-तारखेसह लिहून घ्या आणि ओटीपी फोनवरून मागितला गेला हा मुद्दा तक्रारीत अगदी वर लिहा, कारण दारात न येता ओटीपी मागणे हीच सेवेतील त्रुटी आहे. कॉलचा क्रमांक कुरिअरचा नव्हताच असे निघाले आणि खात्यातून पैसेही गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. वडीलधाऱ्यांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी : ग्राहक सेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, तो अ‍ॅपच्या आतूनच घ्यावा. पार्सल हरवल्याच्या घाईत अनेकजण अशाच खोट्या क्रमांकांवर फोन करतात आणि ‘रिफंड’च्या नावाखाली उरलेले पैसेही गमावतात.

प्रश्न : मी खारघरला राहतो आणि नोकरी ठाण्यात करतो. माझी अशीच तक्रार असल्यास ती कोठे दाखल करावी?
— एक वाचक, खारघर

उत्तर : खारघर नवी मुंबईचाच भाग वाटत असले, तरी ते रायगड जिल्ह्यात येते. त्यामुळे राहत्या पत्त्यावरून तक्रार केल्यास ती रायगडच्या जिल्हा आयोगाकडे जाईल. मात्र जेथे ग्राहक स्वतः नोकरी-व्यवसाय करतो तेथेही तक्रार करण्याची मुभा कायद्यात आहे, म्हणून आपण ठाण्याचा आयोगही निवडू शकता. तसे केल्यास नोकरीच्या ठिकाणाचा पुरावा, म्हणजे ओळखपत्र किंवा कार्यालयाचे पत्र, तक्रारीला पहिल्यापासूनच जोडा.