वडील तीस वर्षं विडी ओढतात, काही केल्या सुटत नाही. व्हेप (ई-सिगारेट) दिलं तर चालेल का?

व्हेपचा विचार सोडा, 2019 च्या कायद्याने भारतात त्याची विक्री आणि आयात दोन्ही बंद आहे. निकोटीनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) आणि जोडीला निकोटीनचंच च्युइंगम, हे जास्त कामाचं. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली विडी लागत असेल तर च्युइंगम 4 मिलिग्रॅमचं, नाहीतर 2 चं. पण ते सतत चघळायचं नसतं, बहुतेकांचं इथेच फसतं. हळूहळू चावायचं, तोंडात चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचं, पुन्हा थोडं चावायचं. आधी पंधरा मिनिटं चहा नाही (हेच त्यांना सगळ्यात जड जाईल!). एवढ्यानेही भागलं नाही तर व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑन ही औषधं, पण डॉक्टरांना विचारूनच. विडीऐवजी तंबाखू-मिश्री मात्र अजिबात नको, त्यानेही तोंडाचा कॅन्सर होतो. 1800-11-2356 वर मोफत समुपदेशन मिळतं. फोन वडिलांनाच करू द्या.