दोन रंगांची टूर्मलीन घ्यायची म्हणताय?

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये मुलीचा एकविसावा वाढदिवस आहे. टूर्मलीन त्या महिन्याचा खडा म्हणे, म्हणून अर्धा गुलाबी अर्धा हिरवा असा पेंडंट करायचाय. सराफाने दोन खडे दाखवले, दोन्ही साधारण ३ कॅरेटचे, पण एकाचा भाव दुसऱ्याच्या तिप्पट. म्हणतो हा ब्राझीलचा आहे. मला तर दोन्ही सारखेच दिसले, फसवतोय का? – एक आई, ठाणे

उत्तर : ताई, लगेच तसं म्हणू नका, दुरंगी खड्यात तिप्पट फरक सहज असू शकतो. पण ब्राझीलचं कारण मला पटलं नाही. ब्राझीलच्या मिनास जेराइसमधून सुंदर माल येतो हे खरंच, पण अफगाणिस्तानातल्या नुरिस्तानातून येतो, नायजेरिया, मोझांबिक, मादागास्करमधूनही येतो. १९८९ च्या सुमारास ब्राझीलमध्ये तांब्यामुळे निळा झळकणारा पाराइबा हा टूर्मलीनचाच प्रकार सापडला, त्याच्या बाबतीत गावाच्या नावाला किंमत आहे, पण गुलाबी-हिरव्यात मी तरी गावाचे पैसे मोजणार नाही.

तुम्ही काय करा, दोन्ही खडे घेऊन दुकानाच्या दाराशी या, उजेडात. आतल्या पिवळ्या दिव्याखाली गुलाबी खुलतो आणि हिरवा मळकट दिसतो, म्हणजे अर्ध्या खड्याचा अंदाज चुकतोच. आता दोन रंग जिथे मिळतात ती रेघ बघा, खरी किंमत तिथे आहे. हा खडा जमिनीत वाढत असताना भोवतालच्या रसायनातलं मँगनीज आणि लोह कमीजास्त होत गेलं, मँगनीजने गुलाबी दिला, लोहाने हिरवा, आणि बदल पटकन झाला असेल तर रेघ स्वच्छ कापल्यासारखी येते, सावकाश झाला असेल तर मध्ये फिका किंवा तपकिरी पट्टा राहतो. दोन्ही रंग ताजे, साधारण निम्मे निम्मे आणि मधली रेघ स्पष्ट, असा खडा महाग असणारच. एक बाजू काळपट किंवा हिरवा नुसता टोकाला चिकटल्यासारखा, तर तो स्वस्तच असायला हवा.

आणि त्याच रेघेवर भिंग लावा, कारण तडे बऱ्याचदा तिथेच सापडतात. बारीक नळ्या, धाग्यासारख्या रेषा टूर्मलीनमध्ये असतातच, त्याला घाबरू नका, पण पृष्ठभागापर्यंत आलेली चीर मधोमध असेल तर खडा परत द्या, कितीही आवडला तरी.

पैलूंबद्दल एक सांगते. असे खडे लांबट, पायऱ्यांच्या पैलूंचे का असतात? एक तर कच्चा माल कांडीसारखा लांब असतो, आणि त्या कांडीच्या लांबीच्या दिशेने पाहिलं तर रंग फार गडद, कधी कधी चक्क काळा दिसतो, म्हणून कारागीर टेबल, म्हणजे खड्याचा वरचा मोठा सपाट पैलू, लांबीला समांतर ठेवतो. गोल ब्रिलियंट कट दिला की गुलाबी आणि हिरवा एकमेकांत परावर्तित होतात आणि मधे चहासारखा रंग तयार होतो. तर गोल खड्याच्या हट्टाला पेटू नका.

प्रश्न : ऑनलाइन "लॅब ग्रोन वॉटरमेलन टूर्मलीन" (कलिंगडासारखा आत गुलाबी, कडेला हिरवा) दोन हजारांत मिळतोय. घ्यावा का? की दोन तुकडे चिकटवलेले असतात? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, दागिन्यात बसेल अशी लॅबमध्ये बनवलेली टूर्मलीन बाजारात मिळतच नाही, त्यामुळे त्या नावाने जे विकतात ते दुसरंच काहीतरी असतं, बहुतेकदा काच, कधी रंगवलेलं क्वार्ट्झ. दिसायला आवडलं तर काच म्हणून, काचेच्या भावात घ्या, माझी काही हरकत नाही.

ओळखायचं तर १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि वरून खड्याच्या आरपार खालच्या पैलूंच्या कडा बघा. टूर्मलीनमध्ये त्या कडा दोन-दोन दिसतात, एकाच दिशेने पाहून लगेच निकाल देऊ नका, खडा थोडा वळवून बघा. काचेत कडा एकेरीच राहतात आणि गोल बुडबुडे सापडतात. चिकटवलेला जोड असेल तर खडा पाण्याच्या वाटीत ठेवून बाजूने बघा, जोडाची सपाट रेघ दिसते, कधी तिथे गोंदातले चपटे बुडबुडे. उलट आतली नळी किंवा धागा गुलाबीतून सरळ हिरव्यात गेलेला दिसला तर खडा अखंड असल्याची ती चांगली खूण.

मोठी रक्कम असेल तर मात्र भिंगावर विसंबू नका, मुंबईत किंवा जयपूरच्या प्रयोगशाळेतून रिपोर्ट काढा. त्यात चिरा राळेने किंवा तेलाने भरल्याचा उल्लेख आहे का ते वाचा. गुलाबी रंग किरणोत्साराने गडद केलाय का हे मात्र प्रयोगशाळेलाही खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे "शंभर टक्के नॅचरल रंग" असं छातीठोक सांगणाऱ्याला जास्तीचे पैसे देऊ नका.

प्रश्न : कलिंगडाच्या फोडीसारखी दिसणारी टूर्मलीनची पातळ चकती आणली आहे, रोज वापरायची अंगठी करायची. सोनार म्हणतो चार नखांत बसवू. – पुणे

उत्तर : रोजच्या अंगठीत नको, कानातलं करा. टूर्मलीनचा कठीणपणा १ ते १० च्या मोह्स मापावर ७ ते ७.५, आणि आपल्या धुळीतली वाळू साधारण ७, म्हणजे वरचा पॉलिश हळूहळू जाणार, आणि पातळ चकती ओट्यावर आपटली की कडेचा टवका गेलाच. अंगठीच हवी असेल तर चौफेर पट्टीचं कोंदण करून घ्या आणि मागची बाजू उघडी ठेवायला सांगा, चकतीतून उजेड आरपार गेला नाही तर आतला गुलाबी विझल्यासारखा दिसतो. डाग देताना, साइज बदलताना खडा आधी काढायचा, ही अट सोनाराला बजावून सांगा, कारण अचानक उष्णतेने तडकतो. अल्ट्रासॉनिक आणि वाफेचं मशीनही नाही. कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, बास.

(शोकेसमधल्या टूर्मलीनवर धूळ जास्त का बसते असंही तुम्ही विचारलंय. तापली की तिच्या टोकांवर विद्युतभार येतो आणि धूळ ओढली जाते. अठराव्या शतकात डच लोक गरम टूर्मलीनने पाइपमधली राख ओढून काढायचे म्हणतात.)

प्रश्न : पाचूऐवजी हिरवी-गुलाबी टूर्मलीन चालेल का? गुरुजी हो म्हणाले. – नागपूर

उत्तर : पत्रिकेतलं मला कळत नाही, ते गुरुजींनाच विचारा. पण बिलावर "टूर्मलीन" हा शब्द, वजन कॅरेटमध्ये आणि काही प्रक्रिया केली असेल तर तीही लिहून घ्या. नुसतं "उपरत्न" लिहून पाचूच्या आसपासचा भाव लावत असतील तर उठून या.