रातांबे पिकायच्या आत

प्रश्न : काकू, आम्ही संगमेश्वर तालुक्यातले. घराच्या आवारात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, चौदा झाडं आहेत. दरवर्षी चैत्रात व्यापारी येतो, झाडं बघतो, बयाणा देतो आणि पुढे माल उतरवून नेतो. स्वतः कोकमाचा व्यवसाय करावा हे माझ्या डोक्यात तीन वर्षं घोळतंय. प्रशिक्षण घेतलं, भाच्याने लोगो करून दिला. आगळ (रातांब्याचा खारवलेला रस), आमसुलं, अमृत कोकम (साखर घातलेलं सरबत) आणि मुठेल (बियांचं घट्ट तेल), चारही करायचा विचार आहे. पण यंत्रासाठी कर्ज काढावं का, हे ठरत नाही. यजमान म्हणतात, मुलाची दहावी होऊ दे. जाऊबाई म्हणतात, कोकम घरोघरी होतं, तुझं कोण घेणार? एक दिवस वाटतं करावं, दुसऱ्या दिवशी वाटतं नको. काय करू?
– एक वाचक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस तो व्यापारी आहे, आणि त्याच्यावर तुम्ही एकच वाक्य खर्च केलंय. तुमचं ‘करू की नको’ चालू असतं तोवर तो बयाणा टेकवून मोकळा होतो. बयाणा घेतला की त्या वर्षाचा विषय मिटला. लोगो कपाटात जातो आणि पुन्हा पुढच्या चैत्राची वाट.

म्हणून कर्ज, यंत्र, दहावी हे सगळं घडीभर बाजूला ठेवा. व्यापारी यायच्या आधी यजमानांशी एवढंच बोला की यंदा तीन झाडं द्यायची नाहीत. बाकीची अकरा नेहमीसारखी त्याला जाऊ देत. घरात येणारा पैसा थोडाच कमी होईल, त्यामुळे यजमानांचाही फार विरोध होणार नाही. झाडं निवडताना लवकर पिकणारी निवडा. कुठली ते तुम्हालाच माहीत. उशिराचा माल पावसात सापडतो, फळं गळून सडतात, आणि नवख्या माणसाचा धीर तिथेच सुटतो.

चारपैकी एकच करा, आगळ. माझं पुण्यात मसाल्याचं आणि कोकणी मालाचं छोटं दुकान आहे, त्यामुळे हे गल्ल्यावर बसून पाहिलेलं सांगते. आमसुलांना कडक ऊन लागतं, सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवावी लागतात आणि एखादा वळीव आला की सगळी धावपळ. अमृत कोकमाला साखर भरपूर लागते. ती कमी पडली तर बाटली फसफसते, शिवाय त्यात स्पर्धाही जास्त. आगळाला पिकलेले रातांबे, मीठ आणि बरणी पुरते. भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा खाण्याच्या पदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकचं घ्या. धातूचं नको, आंबट रस त्याला खातो. यंत्राचं नावही यात कुठे येत नाही, म्हणजे यंदा कर्जाचा प्रश्नच उरला नाही. बँकेत जायचंच असेल तर एका हंगामाची विक्री वहीत लिहून मगच जा. साहेब पहिला प्रश्न तोच विचारतील.

कागदपत्रांना घाबरू नका. घरगुती प्रमाणावर मोठा परवाना लागत नाही, एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते आणि तिची फी आजवर वर्षाला शंभर रुपये राहिली आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तर फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. लेबलवर लोगोपेक्षा घटक, निव्वळ माप, किंमत, बॅच, तयार केल्याची आणि वापरायची तारीख, तुमचा पत्ता, नोंदणी क्रमांक आणि हिरवा ठिपका महत्त्वाचा. आणि ठळक अक्षरांत लिहा, ‘खारट आहे, सोलकढीसाठी.’ इकडच्या कितीतरी गिऱ्हाइकांना आगळ म्हणजे सरबताचा अर्क वाटतो. ग्लासभर पाण्यात अर्धी वाटी ओततात आणि मग माझ्याशी भांडायला येतात.

जाऊबाईंचं खरं आहे. कोकणात ते घरोघरी होतं, म्हणून गिऱ्हाईक तिथे शोधूच नका. मुंबई-पुण्यातले तुमचे नातेवाईक मे महिन्यात गावी येतील ना? त्यांना आत्ताच फोन करून विचारा, किती बाटल्या नेणार? आणि पैसे घ्या. फुकट दिलेल्या बाटलीला सगळे ‘छान’ म्हणतात, त्यावरून काहीच कळत नाही. पैसे मोजणारा सांगतो की रंग फिका आहे, मीठ जास्त झालंय. 2016 साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते चिन्ह छापायला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद लागते. यंदा नुसतं गावाचं नाव छापा. आमच्या गिऱ्हाइकांना तेवढं पुरतं.

दर लावताना रातांबे घरचे म्हणून शून्य धरू नका. व्यापारी जो भाव देतो तोच त्यांचा खर्च. त्यात मीठ, बाटली, बूच, लेबल, वाहतूक आणि तुमची मजुरी मिळवा. मजुरी बहुतेक बायका धरतच नाहीत, आणि मग वर्षभर राबूनही नफा कुठे गेला ते कळत नाही. एक बाटली एसटीच्या पार्सलने पुण्याला पाठवून बघा. आगळ गळलं की आजूबाजूच्या सगळ्या सामानाला लाल डाग पडतात, तेव्हा बूच आणि सील यांत काटकसर नको.

दहावीबद्दल बोलायचं तर परीक्षा मार्चमध्ये संपते, रातांबे त्यानंतर पिकतात. हे यजमानांना तुम्हीच सांगा.

आणि हो, बिया टाकू नका. धुऊन, वाळवून पोत्यात भरून ठेवा. मुठेलाला भेगांसाठी थंडीत चांगली मागणी असते, पण तो निराळा धंदा आहे. त्याचं पत्र पावसाळा संपल्यावर लिहा.