वाचकांचे प्रश्न : वाड्यातले पाणी आणि वाड्यातली झाडे

(पावसाळ्यात वस्तीत तुंबणाऱ्या पाण्याविषयी गोव्यातील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.)

प्रश्न : आमचा ४० घरांचा वाडा डोंगराच्या पायथ्याशी आहे. गेली काही वर्षे तासभर जोराचा पाऊस झाला की रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते. गटारे रुंद करून झाली, तरी फरक पडला नाही. येत्या जूनमध्ये वाड्यातील तरुण २०० झाडे लावणार आहेत. त्याने पाणी तुंबायचे थांबेल का? कोणती झाडे लावावीत? (एक वाचक, बार्देश)

उत्तर : झाडे अवश्य लावावीत, पण त्याआधी एक साधा हिशेब मांडून पाहावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपल्या ४० घरांची छपरे सरासरी १५० चौरस मीटरची धरली आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर नुसत्या छपरांवरून ३ लाख लिटर पाणी खाली उतरते. अंगण, रस्ता आणि डोंगर यांचे पाणी त्यात धरलेलेच नाही. पानांवर आणि फांद्यांवर अडकते ते सरीचे पहिले काही मिलिमीटर, आणि जुलैत झाड आधीच चिंब असल्यामुळे तेवढेही अडकत नाही. झाडाचे खरे काम जमिनीत चालते. मुळांमुळे माती सैल राहते, पाचोळ्यामुळे थेंबांचा मारा थेट मातीवर बसत नाही, आणि परिणामी बरेचसे पाणी मुरते व उरलेले सावकाश उतरते. त्यामुळे पाणी जिथे तुंबते त्या रस्त्याच्या कडेला झाडे लावून फारसे साधत नाही. ती वरच्या उतारावर, जिथून पाणी धावत निघते तिथे लावायला हवीत, आणि त्यांचा गुण दिसायला निदान पाच-सात पावसाळे जाऊ द्यावे लागतात.

तोवर जे करता येते ते अधिक महत्त्वाचे आहे. भूमापनाच्या जुन्या सर्व्हे प्लॅनवर वाड्यातून जाणारा ओहोळ बहुधा दाखवलेला असतो. त्याची मोठी प्रत काढून घ्यावी आणि भर पावसात चार-पाच जणांनी छत्र्या घेऊन त्या रेषेने डोंगराच्या टोकापासून शेतापर्यंत चालत जावे. पाणी कुठे अडते, कुठे वळते, कुणाच्या कुंपणाखालून जाते, हे वेळेसह नकाशावर टिपावे. कोरड्या दिवशी केलेल्या पाहणीत यातले काहीच दिसत नाही. वाड्यातील वयस्कर मंडळींना सोबत घेतले, तर पूर्वी पाणी कुठून जात होते हेही कळेल.

अशा फेरीत हमखास सापडणारी एक गोष्ट सांगतो. गाडी आत घेता यावी म्हणून प्रत्येक घरासमोर गटारावर काँक्रीट टाकलेले असते आणि त्याखाली सहा इंची पाइप घातलेला असतो. पहिल्या पावसात नारळाची सोडणे, झावळ्यांचे तुकडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या त्या पाइपच्या तोंडाशी येऊन बसतात आणि दोन फूट रुंद गटाराचे काम त्या सहा इंचांवर येऊन ठेपते. गटार रुंद करूनही आपल्याकडे फरक का पडला नाही, याचे उत्तर बहुधा इथेच मिळेल. पाइप काढून त्या जागी उचलता येणारी लोखंडी जाळी किंवा काँक्रीटच्या सुट्या लाद्या टाकाव्यात. हा खर्च घरागणिक आहे, म्हणून तो ४० घरांनी एकत्र बसूनच ठरवायला हवा. मधल्या एकाच घराने नकार दिला, तरी वरच्या सगळ्यांचे श्रम वाया जातात. चिऱ्याच्या कुंपणांनाही तळाशी पाणी जायला मोऱ्या ठेवाव्यात. मे महिन्यात गटारातून काढलेला गाळ काठावरच टाकण्याची जी रीत पडली आहे, ती मोडायला हवी, कारण मृगाच्या पहिल्या सरींबरोबर तो गाळ पुन्हा आत जातो.

आता झाडांविषयी. उतारावर किंजळ, ऐन, बिवळा, आवळा अशी इथलीच झाडे आणि त्यांच्या मधून बांबूची बेटे लावावीत. सुटणाऱ्या मातीच्या कडेला वाळ्याचे गवत लावावे, त्याची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात. ओहोळाच्या काठी करंज, जांभूळ, अर्जुन आणि ताम्हण यांना पाय ओले राहिलेले चालतात. लवकर वाढते म्हणून ऑस्ट्रेलियन अकेशिया लावण्याचा मोह होईल. गोव्याच्या सड्यांवर तो भरपूर लावून झाला आहे, आता इथल्या झाडांना जागा द्यावी. झाडांखालचा पाचोळा झाडून जाळू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळे भाट, म्हणजे नारळाची बागायत, लख्ख झाडून पाचोळ्याला आग लावतात, आणि मग उघड्या पडलेल्या तांबड्या मातीचा वरचा थर पहिल्याच पावसात घट्ट बसून पाणी मुरू देत नाही. २०० रोपे लावून पाचोळा जाळत राहण्यापेक्षा ५० रोपे जगवून पाचोळा राखलेला मला अधिक उपयोगी वाटतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. डोंगर जिथे सरळ कापलेला आहे त्या कड्याच्या माथ्यावर पाणी जिरवण्यासाठी चर खणू नयेत. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात अतिवृष्टीने दरडी कोसळून जो अनर्थ झाला, तो पाहता भिजून जड झालेल्या मातीचे भय मनात असलेलेच बरे. अशा ठिकाणचे पाणी बाजूने बांधीव पाटातून खाली आणावे.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस थांबल्यावरही पाणी तासन्‌तास उतरत नाही. शेजारी खाजन शेते (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेते) आहेत, ती आता पडीक आहेत. दोष गटारांचा आहे की आणखी कशाचा? (एक वाचक, तिसवाडी)

उत्तर : याचा निवाडा आपणच करू शकाल. पाणी कधी चढले, कधी उतरले याच्या वेळा लिहून ठेवाव्यात आणि त्याच दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळांशी ताडून पाहाव्यात. पाऊस थांबल्यावर अर्ध्या-पाऊण तासात, भरती असो वा ओहोटी, पाणी ओसरत असेल, तर अडथळा गटारात आहे. ओहोटी लागल्याशिवाय पाणी हलतच नसेल, तर ते जिथे बाहेर पडायला हवे ते तोंडच भरतीच्या पाण्याने बंद होते आहे. पणजीत मळा या वस्तीसारख्या सखल भागाची अडचण हीच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले, की गटार कितीही साफ असले तरी पाण्याला जायला वाट नसते.

आपल्या पूर्वजांनी यावर तोडगा काढून ठेवला आहे. खाजनाच्या बांधातील मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या वाटेची, लाकडी दारे अशी बसवलेली असतात, की भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की ती आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. दारे मिटलेली असतानाचे पावसाचे पाणी शेत आणि पोंय (मानशीच्या आतल्या बाजूचा पाणी साठणारा खोलगट भाग) सांभाळतात. म्हणजे पावसाळ्यात आपल्या वस्तीचे जादा पाणी काही तास ठेवून घेणारी जागा ती शेतेच आहेत. शेत पडीक पडले, की बांधाची डागडुजी राहते, पोंय गाळाने भरते आणि मानशीच्या दारांकडे कुणी पाहत नाही. शिवाय मासे आत यावेत म्हणून भरतीच्या वेळी दारे उघडी ठेवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, त्याने बांधही फुटतात आणि खारे पाणीही आत शिरते.

म्हणून आपल्या भागात पहिला पैसा मानशीवर आणि पोंय उपसण्यावर खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वी ही व्यवस्था गावकरी, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणारी कोमुनिदाद ही संस्था पाहत असे. १९६४च्या कूळ कायद्यानंतर ती बऱ्याच ठिकाणी कुळांच्या संघटनेकडे, म्हणजे टेनंट्स असोसिएशनकडे आली. जी संस्था आपल्याकडे असेल तिच्या सभेत शेतकऱ्यांबरोबर वाड्यातील रहिवाशांनीही बसावे, कारण बांध टिकण्यात आता त्यांचाही तितकाच स्वार्थ आहे. झाडांचे म्हणाल, तर बांधाच्या नदीकडील बाजूस खारफुटी लाटांचा मारा सोसते, ती राखावी. शेताच्या आत मात्र झाडे लावू नयेत. आत आपोआप खारफुटी उगवू लागली असेल, तर खारे पाणी शिरत असल्याची ती खूण समजावी. ती परस्पर तोडू नये, कारण तिला कायद्याचे संरक्षण आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत मोकळी जमीन अशी नाही, सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत. शोषखड्डा खणला तर चालेल का? (एक गृहिणी, मडगाव)

उत्तर : जुलैमध्ये जवळच्या विहिरीचे पाणी किती खाली आहे ते आधी पाहावे. ते जमिनीच्या पातळीला टेकले असेल, तर शोषखड्डा भरलेलाच राहील आणि खर्च फुकट जाईल. पाणी तीन-चार मीटर खाली असेल, तर खड्डा चालेल. मात्र एक घनमीटरच्या खड्ड्यात एका वेळी १,००० लिटरच मावतात, हे लक्षात ठेवून खड्ड्यांची संख्या ठरवावी. सोसायटीत विहीर असल्यास गच्चीचे पाणी गाळून तिच्यात सोडणे सर्वांत सोयीचे. पेव्हरखाली काँक्रीट ओतलेले नसेल, तर कुंपणालगतची दीड-दोन फुटांची पट्टी उखडून, ती आवारापेक्षा थोडी खोलगट ठेवून तिथे ताम्हण किंवा करंज लावता येईल. झाड खोलगट जागेत असले, तरच आवाराचे पाणी त्याच्याकडे जाते. आपल्याकडे झाडाभोवती उंच कठडा बांधतात, त्याने पाणी बाहेरच राहते.

प्रश्न : वाड्याखालच्या शेतात मातीचे ट्रक येऊन पडत आहेत. हे शेत बुजले तर आमच्या घरांत पाणी येईल. आम्ही काय करावे? (एक वाचक, सासष्टी)

उत्तर : आपली भीती रास्त आहे. गोव्याच्या १९७४च्या नगर व ग्रामनियोजन कायद्यातील कलम १७ अ अन्वये डोंगर कापण्यास आणि सखल जमीन भरण्यास लेखी पूर्वपरवानगी लागते. सर्व्हे क्रमांक, जमीन-नोंदीचा एक-चौदाचा उतारा आणि तारखेसह छायाचित्रे जोडून पंचायत, नगरनियोजन खाते व तालुक्याचे मामलेदार या तिघांना एकाच दिवशी लेखी तक्रार द्यावी आणि प्रत्येकाकडून पोचेचा शिक्का घ्यावा. परवानगी घेतली असल्यास तिची प्रत माहिती अधिकारात मागावी. पावसाळ्यात त्या शेतात किती पाणी उभे राहते याची जुनी छायाचित्रे वाड्यातील मोबाइलांवर नक्की असतील, ती गोळा करावीत. ग्रामसभेत विषय तोंडी न मांडता आधी लेखी देऊन कार्यक्रमपत्रिकेत घालून घ्यावा, आणि ठरावात शेताचा सर्व्हे क्रमांक व त्यातून जाणाऱ्या ओहोळाचा उल्लेख आला आहे की नाही, हे इतिवृत्त मंजूर होण्यापूर्वी वाचून पाहावे. हे सारे पावसाची वाट न पाहता करावे, कारण माती एकदा दाबून बसली की ती काढायला लावणे फार अवघड जाते.