'ॲक्सेस टू जस्टिस'ला मराठीत काय म्हणावं?

मानखुर्दच्या एका महिला मंडळासाठी पत्रक लिहिणाऱ्या ताईंनी विचारलंय: संयुक्त राष्ट्रांच्या कागदांत 'ॲक्सेस टू जस्टिस' सारखं येतं. कुणी त्याचं 'न्यायप्रवेश' करतं, कुणी 'न्यायाची उपलब्धता', कुणी 'न्यायापर्यंत पोहोच'. बायकांना वाचताक्षणी कळेल असं काय लिहू? आणि 'डिप्लोमसी'ला 'मुत्सद्देगिरी' म्हणू की 'राजनय'?

ताई, तिन्ही सोडा. आपल्याकडे यासाठी जुना, रुळलेला शब्द आहे: दाद.

फारसीत दाद म्हणजे न्यायच. विजापूरचा असर महाल आदिलशाहीत न्यायदानासाठी बांधला, तेव्हा त्याला दाद महाल म्हणत. मराठीत आल्यावर या शब्दाला जी क्रियापदं जोडली गेली, ती नीट पाहा. बाई दाद मागते. ज्याच्या हातात अधिकार आहे तो दाद घेतो, किंवा घेत नाही. आणि अखेर दाद लागते, किंवा लागत नाही. 'प्रवेश' म्हटलं की बाई दारातून आत गेली एवढंच कळतं. आत तिचं काय झालं ते या तीन क्रियापदांत येतं.

मागे शेजारणीसोबत एका पोलीस चौकीबाहेर बसले होते. नवऱ्याने फाडलेल्या रेशनकार्डाचे तुकडे तिने दुधाच्या पिशवीत घालून आणले होते. दोन तासांनी आत बोलावलं आणि 'घरातलं घरात मिटवा' असं सांगून परत पाठवलं. पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "मागून झाली वो दाद. घेत कोन नाय." प्रवेश तर तिला मिळालाच होता!

या सगळ्यामागे जो करार आहे तो 'सीडॉ', म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा करार, स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याचा. तो 1979 साली संमत झाला आणि भारताने 1993 मध्ये त्याला कायम मान्यता दिली. त्याच्या पालनावर लक्ष ठेवणाऱ्या समितीने 2015 साली आपली 33वी सर्वसाधारण शिफारस खास याच विषयावर काढली. हक्क कोर्टात मांडता यावा, कोर्ट जवळ असावं, तिथवर जाणं परवडावं, कामाचा दर्जा चांगला असावा, नुकसान भरून मिळावं, चुकलेल्याला जाब विचारता यावा, असं त्यात आहे. मागणं, घेणं, लागणं यांत हे सगळं बसतं.

करारातले शब्द पुढे कुठवर जातात, याचा मराठीतला पुरावा म्हणजे 'विशाखा समिती'. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर वेगळा कायदा नव्हता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली विशाखा खटल्यात सीडॉचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा 2013 मध्ये आला. त्यातलं नाव आता 'अंतर्गत समिती' असं आहे, पण मुंबईतल्या कितीतरी ऑफिसांत बायका अजून 'विशाखाकडे जाते' असंच म्हणतात. हा खटला कोर्टात नेणाऱ्या राजस्थानातल्या एका संस्थेचं नाव आपल्या बोलीत असं दाद मागण्याची जागा होऊन बसलं.

एक मात्र पत्रकात चुकवू नका. सीडॉला 1999 साली जोडलेल्या ऐच्छिक प्रोटोकॉलमुळे, म्हणजे देशाला वाटलं तर स्वीकारायच्या पुरवणी करारामुळे, एकट्या बाईला थेट सीडॉच्या समितीकडे तक्रार नेता येते. भारताने तो स्वीकारलेला नाही. म्हणून 'संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागा' असं लिहू नका, ती खोटी आशा होईल.

तुमचा दुसरा प्रश्न 'डिप्लोमसी'चा. 'मुत्सद्देगिरी'त डावपेचांचा वास येतो, 'राजनय' सरळ आहे. पण राजनयात एकेका शब्दासाठी किती झटावं लागतं ते हंसा मेहतांनी दाखवलं. मानवी हक्कांच्या 1948च्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी म्हणून त्यांनी तो बदलायला लावला आणि 'सर्व माणसे' असा अर्थ पक्का झाला. त्या आपल्या मुंबईच्या विधान परिषदेवरही होत्या. मराठीत बाईमाणूस आणि पुरुषमाणूस दोन्ही चालतात, त्यामुळे 'माणूस' लिहायला तुम्ही कचरू नका.

पत्रकाचं शीर्षक 'दाद मागण्याचा आणि मिळवण्याचा हक्क' असं करा. खाली मोठ्या अक्षरांत: 'बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो.' 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या 12व्या कलमात तसं आहे. 'विधी सहाय्य' लिहिलंत तर वाचणारी पुढच्या ओळीवर जाईल, 'मोफत वकील'च लिहा.