‘टू’पाशी अडणारी जीभ

“मॅडम, शब्द येतात हो. पण एकाला एक जोडायला गेलं की सगळं सांडतं.”

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल! नर्सिंगच्या मुली, स्पर्धा परीक्षेची मुलं, मुलांना इंग्रजी माध्यमात घातलेल्या आया, एमआयडीसीतले सुपरवायझर. येताना तक्रार वेगळीच असते. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, घरात चिडचिड होते. इंग्रजीचा विषय तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतो, आणि पुष्कळदा अडण्याची जागाही तीच असते. ‘गिव्ह अप’, ‘गो ऑन’, ‘लुक फॉरवर्ड टू’ अशा जोड क्रियापदांपुढे आणखी एक क्रियापद आलं की त्याला ‘टू’ लावायचा की ‘आयएनजी’?

म्हणून एका गृहस्थांची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या पुढे, कोरेगाव तालुक्यातलं गाव, कारखान्यात डिस्पॅचचं काम. इंग्रजीशी पहिली गाठ पाचवीत पडली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली, तेव्हा हे बारावीत होते. बढती मिळाली आणि परदेशी ग्राहकांचे कॉल त्यांच्याकडे आले. एका कॉलच्या शेवटी ते म्हणाले, “आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.” कॉल संपल्यावर नुकताच लागलेला एक इंजिनिअर सगळ्यांदेखत म्हणाला, “सर, मीट नाही, मीटिंग.” कुणी हसलं नाही. पण त्यानंतर चार महिने हे कॉलवर बोलले नाहीत. कधी घसा बसला, कधी नेटवर्क गेलं. रात्री दोनला जाग यायची ती सकाळपर्यंत.

पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून वही काढली. दोनशेच्या वर फ्रेजल व्हर्ब्ज, म्हणजे हीच जोड क्रियापदं, ‘ए’पासून ओळीनं, लाल पेनानं अधोरेखित केलेली. “पाठ करतोय. ‘पी’पर्यंत आलोय,” ते म्हणाले.

वही मी मिटून बाजूला ठेवली. त्याऐवजी त्यांचीच वाक्यं कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवली. ‘मला इंग्रजी यायलाच पाहिजे. ज्युनिअरसमोर चुकताच कामा नये. चुकलो म्हणजे संपलंच.’ प्रत्येक ‘च’भोवती मी गोल काढला होता.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली. 1955 च्या सुमारास त्यांनी ती मांडायला सुरुवात केली. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल आपण मनात जे वाक्य घोकतो, ते माणसाला जास्त खचवतं, असं ती सांगते. मराठीत ते वाक्य पकडणं सोपं जातं, कारण आपली भाषा त्यावर ‘च’ची खूणच करून ठेवते. इतक्या वर्षांत माझा कान त्या ‘च’ला सरावला आहे.

“च काढून वाचा,” मी म्हटलं.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. “मला इंग्रजी यायला पाहिजे... म्हणजे, आलं तर बरं.” खांदे जरा खाली आले.

पण एवढ्यावर थांबणं मला पटत नाही. भीती उतरली तरी सोमवारी कॉल असतोच, आणि तिथं वाक्य लागतं.

पाचव्या भेटीत विषय मुलाचा चालला होता. ते म्हणाले, “पोरगं दिवसभर गेम खेळत बसतं.”

मी त्यांना तिथंच थांबवलं. “‘खेळत बसतं’. आणि ‘खेळायला बसतं’ म्हटलं तर?”

“ते निराळं. म्हणजे आता सुरू करणार.”

“आणि एखादा ‘बोलून बसला’?”

“नको ते बोलून गेला. आता निस्तरा.”

“हा फरक सांगायला तुम्हाला किती वेळ लागला?”

“वेळ कसला? लगेच कळतं ते.”

“हे कुठल्या वहीतून पाठ केलं होतं?”

ते गप्प झाले. नजर वहीकडे गेली, मग माझ्याकडे. “ऐकून आलं असणार,” ते हळूच म्हणाले. “घरात ऐकून.”

त्या क्षणी मलाही काहीतरी लख्ख दिसलं. खेळत, खेळायला, बोलून. बसणं एकच, सांधा बदलला की अर्थ बदलतो. हे ज्याच्या कानात जन्मापासून मुरलंय, त्याला इंग्रजीतला सांधा ऐकू येणार नाही असं कसं होईल? कान शाबूत होता, भीतीनं दडा बसला होता.

मग मी दोन वाक्यं म्हटली. ‘ही वेंट ऑन टॉकिंग.’ ‘ही वेंट ऑन टू टॉक अबाउट प्राइस.’ ते क्षणभर थांबले. “पहिल्यात बोलतच राहिला. दुसऱ्यात आधी दुसरं काहीतरी बोलला, मग किमतीवर आला.” अगदी बरोबर. नियम मी सांगितलाच नव्हता.

“आता सांगा, मेलच्या शेवटी काय लिहिता?”

“लुकिंग फॉरवर्ड टू युवर रिप्लाय. रोजच लिहितो.”

“या ‘टू’पुढे काय आलं?”

“रिप्लाय. नाम.”

“मग तिथं भेटणं ठेवायचं झालं तर? मराठीत ‘भेटायला वाट पाहतो’ म्हणता?”

“छे, भेटण्याची.” आणि मग त्यांचे त्यांनाच, जरा मोठ्यानं, “मीटिंग! भेटणं म्हणजे मीटिंग!”

तो आवाज मला अजून आठवतो. चार महिने छळणारा शब्द त्यांनी स्वतःच्या मराठीतून ओढून काढला होता.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते. ‘टू’पाशी अडलात तर त्यापुढे एखादं नाम ठेवून बघा, बहुतेक वेळा वाट सापडते. ‘लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’ जमतं, म्हणून तिथं ‘मीटिंग’. ‘वॉन्ट टू युवर रिप्लाय’ जमत नाही, म्हणून तिथं ‘मीट’. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू नॉइज’ जमतं, म्हणून रात्रपाळीची सवय असलेला ‘यूज्ड टू वर्किंग अ‍ॅट नाइट’ म्हणेल. मात्र ‘आय यूज्ड टू वर्क’ म्हणजे पूर्वी करायचो, ती गोष्ट वेगळी. ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’, ‘कीप ऑन’, ‘एंड अप’ यांच्यापुढे क्रिया आली की ‘आयएनजी’ येतं. सोडलं काय, तर पिणं. लांबवलं काय, तर जाणं. ‘सेट आउट’ म्हणजे करायला निघणं, तिथं ‘टू’.

आणि रोजच्या बोलण्यातला तिसरा सांधा ‘अँड’चा. ग्राहक म्हणाला, ‘गो अहेड अँड डिस्पॅच इट’, तर त्यात दोन कामं शोधू नका. तो फक्त ‘पाठवून टाका’ म्हणतोय. हे ऐकून आमचे गृहस्थ खुर्चीत ताठ बसले. असल्या मेलनंतर ते पुढच्या सूचनेची वाट बघत थांबले होते.

मराठीचा आधार सगळीकडे पुरत नाही, हेही सांगायला हवं. ‘टर्न्ड आउट टू बी ऑनेस्ट’ला आपण नुसतं ‘सच्चा निघाला’ म्हणतो, ‘टू बी’ कुठंच दिसत नाही. अशा ठिकाणी कानाला नवं वाक्य द्यावं लागतं. पण यादी नको. स्वतःच्या आयुष्यातली तीन वाक्यं रोज मोठ्यानं म्हणा. ‘आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’ हे त्यांचं पहिलं वाक्य होतं. आणि पालकांनो, पोरानं इंग्रजी बोलताना चूक केली तर आधी त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

आठव्या भेटीला ते आले तेव्हा बाहेर पाऊस होता. छत्री झटकतच म्हणाले, “काल कॉल झाला. परत ‘टू मीट’च गेलं तोंडातून.”

“मग?”

“तो इंजिनिअर शेजारीच होता. त्यानं बघितलं माझ्याकडे. मी पुढचा ट्रक कधी निघणार ते सांगितलं, मग पॅकिंगचं सांगितलं.” ते खुर्चीत बसले. “वेंट ऑन टॉकिंग, मॅडम.”