परीक्षा न देता दहावी झालेल्या मुलीचे बीजगणित

“दहावीनंतर मी गणिताचे पुस्तक उघडलेच नाही. आता प्लेसमेंटच्या चाचणीत तेच विचारतात म्हणे. कॉलेजने बीजगणिताचा उजळणी वर्ग लावला आहे, पण तिथे बसले तर मला काहीच येत नाही हे सगळ्यांना कळेल. मग बसू की नको?” दिवाळीची सुटी संपली की यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांमधले कला आणि वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. शब्द थोडेफार बदलतात, पण आवाजातला संकोच तोच असतो. वर्गात बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र बसण्यापूर्वी एक काम करायचे असते. ते काम कोणते हे एका मुलीच्या अनुभवावरून सांगते. तिची संमती घेतली आहे आणि नाव बदलले आहे.

तिला वैष्णवी म्हणू. दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावातून ती बसने कॉलेजला येत असे. घरी चार एकर कोरडवाहू शेती, त्यात कपाशी आणि तूर. आई हंगामात दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाणारी. धाकटा भाऊ सातवीत. बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या या मुलीने उजळणी वर्गात नाव नोंदवले आणि तिसऱ्याच दिवशी वर्ग सोडला, कारण त्या दिवशी तिला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले गेले आणि खडू हातात धरून ती नुसती उभी राहिली. शिकवणाऱ्या प्राध्यापकांनीच काळजीपोटी तिला समुपदेशन कक्षात पाठवले.

“मले काही येतच नाही, मॅडम. आमची बॅच तशीच पास झाली,” ती म्हणाली.

या ‘तशीच’ शब्दाशी मी बराच वेळ थांबले. २०२१ साली कोरोनामुळे राज्य मंडळाची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि नववीचे गुण व दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांच्या आधारे निकाल लावला गेला, तो ९९.९५ टक्के लागला. त्या मुलांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही आदल्या वर्षी झालेली नव्हती. म्हणजे एकसामायिक समीकरणे आणि वर्गसमीकरणे ज्या वयात वहीत उतरायची, त्या वयात ही मुले घरातला एकच मोबाइल घेऊन रेंज मिळेल त्या ठिकाणी बसत होती, आणि पेरणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत तेही होत नव्हते. पुढे गावात, नातेवाइकांत, कधी वर्गातही ‘न देता पास’ हे शब्द त्यांनी इतक्या वेळा ऐकले की ती परीक्षा आपणच चुकवली असे त्यांना वाटू लागले. वैष्णवीच्या मनात बीजगणिताच्या भीतीखाली हे होते: आपल्याला कधी कोणी तपासलेच नाही, आणि तपासले तर आपले खोटे उघडे पडेल.

पहिल्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली. तिला धीर द्यावा म्हणून मी म्हटले, “अगं, सोपे असते ते, होईल.” ती एकदम गप्प झाली. जे सगळ्यांना सोपे आहे ते आपल्याला येत नाही, म्हणजे दोष आपल्यातच आहे, असा अर्थ तिने लावला, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तोच लावला असता. त्यानंतर मी हा शब्द गणिताच्या बाबतीत वापरलेला नाही. पालकांनी आणि शिक्षकांनीही तो वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसऱ्या भेटीच्या आधी मी प्राध्यापकांकडून वीस छोटी उदाहरणे लिहून घेतली होती. वेळेचे बंधन नव्हते आणि गुण द्यायचे नव्हते. मात्र प्रत्येक उदाहरणाशेजारी तिने एक वाक्य लिहायचे होते: हे पूर्वी येत होते आणि आता विसरले, हे कधी कळलेच नाही, किंवा हे पाहूनच धडधडले. ‘माझा पाया कच्चा आहे’ या एका वाक्यात या तिन्ही गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय कोणताही वर्ग उपयोगी पडत नाही. सुरुवातीला ज्या कामाचा उल्लेख केला ते हेच.

वीसपैकी सात उदाहरणे बरोबर आली, आठ चुकली आणि पाच तिने कोरी सोडली. चुकलेल्या आठांकडे आम्ही सावकाश पाहिले. दोन ठिकाणी तिने अपूर्णांकांची बेरीज करताना अंशात अंश आणि छेदात छेद मिळवले होते. लसावि काढायचा असतो हे एकदा आठवण करून देताच तिने दोन्ही स्वतः दुरुस्त केली. हे खरे विसरणे. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या हेरमान एबिंगहाऊस यांनी १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवले होते की पूर्वी पाठ केलेले पूर्ण विसरल्यासारखे वाटले, तरी ते पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. उजळणी वर्ग याच बळावर उभा असतो.

उरलेल्या चुका मात्र विसरण्याच्या नव्हत्या, चुकीच्या शिकण्याच्या होत्या. ३क्ष = १२ याचे उत्तर तिने उणे ४ लिहिले होते. मी कारण विचारले तेव्हा ती ठामपणे म्हणाली, “बाजू बदलली का चिन्ह बदलते नं!” बेरीज-वजाबाकीसाठी सांगितलेला हा कानमंत्र तिने गुणाकारालाही लावला होता आणि तीन पलीकडे नेताना त्याला उणे करून टाकले होते. कोणीतरी घाईत सांगितलेला नियम कारणाशिवाय पाठ झाला की असे होते, आणि अशा चुकीवर कितीही सराव केला तरी चूकच पक्की होते. म्हणून आम्ही नियम बाजूला ठेवून तराजू घेतला. दोन्ही पारडी समान आहेत, एका पारड्यात तीन सारख्या पिशव्या आणि दुसऱ्यात बारा किलो. दोन्ही पारड्यांचे तीन सारखे वाटे केले की एका पिशवीचे चार किलो होतात. यात काहीच पलीकडे गेले नाही, आणि म्हणून कोणाचे चिन्हही बदलले नाही. कंसाचीही तीच गोष्ट होती. २(क्ष + ५) हे ती २क्ष + ५ असे उघडत असे. बाहेरच्या दोनने आतल्या प्रत्येक पदाला गुणायचे असते हे तिला कधी दिसलेच नव्हते.

ऋण संख्यांवर आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. उणे ८ मधून उणे ३ वजा करा, यावर तिचे उत्तर उणे ११ होते. मी विचारले, “सोसायटीचे आठ हजार कर्ज डोक्यावर आहे आणि त्यातले तीन हजार सरकारने माफ केले, तर किती उरले?” उत्तर क्षणात आले: पाच हजार. “मग कर्ज काढून टाकले म्हणजे काय झाले?” ती थोडा विचार करून म्हणाली, “म्हणजे तेवढे पैसे हाती आल्यासारखंच झालं.” उणे ८ वजा उणे ३ म्हणजे उणे ५, हे तिने स्वतः वहीत लिहिले. गणितज्ञ ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्त या ग्रंथात धन आणि ऋण यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम मांडले, आणि शून्यातून ऋण वजा केले तर धन उरते असेही सांगितले. गणितातला ऋण हा शब्द कर्जावरूनच आला आहे. आपल्या भागात कर्ज म्हणजे काय हे कोणत्याही मुलाला समजावून सांगावे लागत नाही. ते ज्ञान फळ्यावरच्या आडव्या रेघेशी जोडले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कोऱ्या सोडलेल्या पाच उदाहरणांत शाब्दिक उदाहरणे होती, आणि शेजारी ‘धडधडले’ असे लिहिलेले होते. त्यांपैकी एक मी तोंडी विचारले, फक्त पेनांच्या जागी कापूस घातला. दोन बायांनी मिळून ९५ किलो कापूस वेचला, एकीने दुसरीपेक्षा १५ किलो जास्त वेचला, तर प्रत्येकीचा किती? तिने बोटांवरही न मोजता ४० आणि ५५ असे सांगितले. कसे केले, असे विचारल्यावर म्हणाली, “ते वरचे पंधरा अलग काढले, मग उरलेल्याचे अर्धे केले.” मी तिच्यासमोर क्ष + क्ष + १५ = ९५ लिहिले, खाली २क्ष = ८० लिहिले, आणि त्याखाली क्ष = ४०. तिने केलेल्या दोन्ही पायऱ्या कागदावर जशाच्या तशा होत्या. ती त्या तीन ओळींकडे बराच वेळ पाहत राहिली. कोऱ्या पाचांपैकी तीन उदाहरणे तिने त्याच दिवशी अशी सोडवली.

मग तीच उदाहरणे कागदावर पाहून हात का थांबत होता? मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की गणिताची चिंता, हिशेब करताना आकडे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या कार्यस्मृतीची जागा अडवते. ‘माझे हसे होईल’ हा विचार आणि ‘हातचा एक’ यांना डोक्यात एकच फळी मिळते. म्हणून भित्र्या विद्यार्थ्याला येणारे गणितही परीक्षेत येत नाही. त्यावर मी तिला सरावाच्या प्रत्येक चाचणीपूर्वी दहा मिनिटे मनात जे चालले आहे ते लिहून काढायला सांगितले. खेरार्दो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांनी २०११ मध्ये विद्यार्थ्यांवर हा उपाय तपासला होता आणि चिंता अधिक असलेल्यांना त्याचा फायदा झाला होता. सर्वांनाच तो मानवतो असे नाही. वैष्णवीने पहिल्यांदा दोन ओळी प्रमाण मराठीत लिहिल्या आणि थांबली. बोलतेस तसेच लिही, असे सांगितल्यावर तिने वऱ्हाडीत पान भरले.

प्राध्यापकांशीही बोलणे झाले. त्यांनी फळ्यावर बोलावणे बंद केले आणि सर्वांनी एकाच वेळी वहीत सोडवायचे, मग शेजाऱ्याची वही तपासायची, अशी पद्धत ठेवली. दुसरी अडचण बसची होती. संध्याकाळचा वर्ग संपेपर्यंत गावाकडची शेवटची गाडी निघून जाई, म्हणून वर्ग सकाळी घेतला गेला. वेळ बदलल्यावर आणखी चार मुली वर्गाला येऊ लागल्या, तेव्हा माझ्या लक्षात आले की ज्यांना आपण गणिताचा कंटाळा आहे असे समजतो त्यांच्यापैकी काहींचा प्रश्न केवळ गाडीचा असतो.

अभ्यासासाठी तिला नवे पुस्तक घ्यावे लागले नाही. भावाचे सातवीचे बालभारतीचे पुस्तक घरात होते आणि आठवीचे तिने मोबाइलवर उतरवून घेतले. सातवीचे पुस्तक बसमध्ये काढायची लाज वाटते म्हणून तिने त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातले. तसे करायला माझी काहीच हरकत नव्हती. क्रम मात्र मी आग्रहाने सांगितला, आणि तोच सर्वांना सांगते: आधी चिन्हे आणि अपूर्णांक, मग कंस, मग एका चलातील समीकरण, ते हातात बसल्यावर गुणोत्तर, शेकडेवारी, वय आणि काम-काळ यांची शाब्दिक उदाहरणे, अवयव आणि वर्गसमीकरण शेवटी. रोज चाळीस मिनिटे पुरतात, पण सोडवलेले उदाहरण दोन दिवसांनी वही न पाहता पुन्हा सोडवायला हवे. पाहून समजणे आणि न पाहता जमणे यांत फार अंतर आहे.

वेगाचा विचार अखेरच्या दोन आठवड्यांतच करावा. बँकांच्या भरतीसाठी परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या लिपिक पूर्वपरीक्षेत अलीकडच्या वर्षांत संख्यात्मक क्षमतेचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सुमारे ३४ सेकंद, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. खासगी कंपन्यांच्या चाचण्याही साधारण याच धाटणीच्या असतात. एवढ्या वेळात सगळे सोडवणे अपेक्षितच नसते. कोणता प्रश्न सोडायचा हे ओळखणे हाही तयारीचाच भाग आहे.

मध्यंतरी तिचे वडील भेटायला आले होते. वेचणीचे दिवस होते, आणि मुलगी सकाळी लवकर निघते म्हणून घरातल्या कामाची ओढाताण होत होती. “यानं नोकरी लागन का, मॅडम?” असे त्यांनी सरळ विचारले. नोकरीची हमी मी देऊ शकत नाही, असे मीही त्यांना सरळ सांगितले. पण परीक्षेच्या दारातून ती न घाबरता आत जाईल, एवढे होऊ शकते असे म्हटले. ते थोडा वेळ बसले, चहा घेतला, आणि वर्ग पूर्ण होईपर्यंत तिला कोणी अडवले नाही.

जानेवारीत एका कंपनीची चाचणी यवतमाळला झाली. निवडीच्या यादीत वैष्णवीचे नाव आले नाही. मला तिची काळजी वाटत होती, आणि ती स्वतःच दुसऱ्या दिवशी कक्षात आली. तिच्या हातात प्रवेशपत्र होते आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने काही लिहिलेले होते. वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे आणि १२ वर्षांनी ते दुप्पट होईल, तर आजची वये किती, असा प्रश्न चाचणीत होता. तिथे तिने ३क्ष + १२ = २क्ष + १२ असे मांडले, मुलाचे वय शून्य आले, आणि ती घाबरून पुढच्या प्रश्नाकडे वळली. परतीच्या बसमध्ये तिला ते चैन पडू देईना. तिने समीकरण पुन्हा लिहिले, या वेळी ३क्ष + १२ = २(क्ष + १२), आणि खाली मुलगा १२, वडील ३६.

“कंस मीच खाल्ला होता, मॅडम,” ती म्हणाली, आणि बँकेच्या परीक्षेचा अर्ज कधी निघतो ते विचारू लागली.